मामांचा चाकूंचा डबा

पत्र :

भाई, नमस्कार. मी फोंड्याचा, वय ३८. माझे मामा मुरगाव बंदरात टॅली क्लार्क, म्हणजे बोटींवरच्या मालाची मोजदाद ठेवणारे कारकून होते. खनिज न्यायला येणाऱ्या बोटींवरच्या खलाशांकडून त्यांना घडीचे चाकू मिळायचे, कधी भेट म्हणून, कधी फेणीच्या बाटलीच्या बदल्यात. गेल्या दिवाळीत मामा वारले आणि मामीने चाकूंचा बिस्किटांचा डबा मला दिला. आत सहा चाकू आहेत. एक पितळी पत्र्याच्या मुठीचा, त्यावर जपानी अक्षरे. एक गोल लाकडी मुठीचा, पात्यावर हात आणि मुकुट. एक काळ्या पत्र्याचा, त्यावर झेप घेणारे मांजर. एक दोन पात्यांचा 'रॉजर्स', मूठ कासवाच्या पाठीसारखी पिवळी-तपकिरी. एक पांढऱ्या मुठीचा, अगदी लहान. शेवटचा कलमाचा चाकू, मामा त्याने आंब्याची कलमे बांधायचे. सगळ्यांवर गंज आहे. चुलतभाऊ म्हणतो, ब्रासो मारून चकचकीत करू आणि ऑनलाइन विकू. बायको म्हणते, घरात सात वर्षांचा मुलगा आहे, हत्यारे नकोत, उद्या पोलिस विचारतील. मला मात्र डबा उघडला की दुसरे काही सुचत नाही. इंटरनेटवर एक जुना रॉजर्स पंधरा हजारांना दिसला आहे. तो घेऊन संग्रहाला सुरुवात करावी का?

उत्तर :

नमस्कार. बाकी सगळे नंतर, आधी एक काम आजच करा. कासवाच्या पाठीसारख्या मुठीचा तो रॉजर्स डब्यातून बाहेर काढा आणि उरलेल्या पाचांपासून लांब, हवा खेळेल अशा जागी ठेवा. ती मूठ बहुधा सेल्युलॉइड या जुन्या कृत्रिम पदार्थाची असणार. अंगठ्याने जोरजोरात चोळून वास घ्या. कापराचा वास आला तर शंका नको, कारण नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासूनच हा पदार्थ बनतो. जुना झाला की तो आतून विघटित होऊ लागतो. त्यातून निघणारे वायू हवेतल्या दमटपणाशी मिळून आम्ल तयार करतात आणि बंद डब्यात ते शेजारच्या प्रत्येक पात्यावर बसते. सहाच्या सहा चाकूंवर गंज चढला आहे, त्यात आपल्या पावसाइतकाच या मुठीचाही वाटा असू शकतो. सेल्युलॉइड भडकन पेट घेते हेही ध्यानात असू द्या. देवघरातली समई आणि स्वयंपाकाचा गॅस या दोन्हींपासून त्याला दूर ठेवा. चोळून कापराचा वास आला नाही, तर मूठ खऱ्या कासवाच्या पाठीची असण्याचीही शक्यता आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. पंधरा हजारांचा तो रॉजर्स घेऊ नका. तोच नव्हे, येते वर्षभर एकही चाकू विकत घेऊ नका. संग्रहाला सुरुवात करू नका असे मी म्हणत नाही; तुमची सुरुवात झालेली आहे, आणि ती सुद्धा फार थोड्यांच्या नशिबी येते तशी. हे सहा चाकू कुठून आले, कोणाच्या खिशात होते, कोणत्या कामाने झिजले, हे सांगू शकणारे माणूस अजून हयात आहे. पैसे मोजून घेतलेल्या चाकूबरोबर हे येत नाही. म्हणून हे वर्ष डब्यातले चाकू वाचायला शिकण्यात घाला. वाचायचे कसे, ते एकेक चाकू घेऊन सांगतो.

रॉजर्सपासून निघू, कारण मन तिथेच अडकले आहे. जोसेफ रॉजर्स अँड सन्स ही इंग्लंडमधल्या शेफील्डची पेढी. एक चांदणी आणि एक माल्टीज क्रूस ही तिची खूण १७६४ सालची. १८२२ मध्ये तिला चौथ्या जॉर्ज राजाची सनद मिळाली आणि त्याच साली तिने १८२२ पात्यांचा एक चाकू घडवला; पुढे कित्येक वर्षे त्यात दर साली एक पाते वाढत गेले. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात मांडलेला तिचा 'नॉर्फोक' चाकू ७५ पात्यांचा होता. हा झाला दिमाख. रोजच्या वापरातला माल साधा, मजबूत आणि जगभर पोचलेला, हिंदुस्थानात तर फारच. आणि नाव जिथे एवढे चालते तिथे नकला होणारच. नुसते 'रॉजर्स' लिहिलेले आहे म्हणजे माल याच पेढीचा, असे समजू नका.

तुमच्या चाकूचे मोठे पाते उघडा आणि त्याच्या बुडाशी, मुठीला लागून असलेल्या सपाट भागावर, भिंगातून पाहा. चांदणी आणि क्रूस दिसतात का? मुकुटाच्या दोन बाजूंना 'व्ही' आणि 'आर' ही इंग्रजी अक्षरे असतील तर तो छाप व्हिक्टोरिया राणीच्या काळचा, म्हणजे १९०१ च्या आतला. 'जी' आणि 'आर' असतील तर बहुधा १९१० नंतरचा. 'इंग्लंड' असा शब्द कोरलेला असेल तर साधारण १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेच्या नव्या जकात कायद्यामुळे त्या सालापासून तिथे जाणाऱ्या मालावर देशाचे नाव घालणे भाग पडले. एकट्या खुणेवर निकाल देऊ नका. खूण, मुठीचा पदार्थ, मुठीच्या आतले पितळी अस्तर, पिना, सगळ्यांची साक्ष जुळली पाहिजे. व्हिक्टोरियाचा छाप आणि मुठीला आधुनिक प्लॅस्टिक, असे दिसले तर मूठ नंतर कोणी बदलली आहे किंवा छाप खोटा आहे.

मग पाते सावकाश उघडा आणि कान देऊन ऐका. या जातीच्या चाकूत कुलूप नसते. पाठीला एक पोलादी स्प्रिंग असते, ती पात्याच्या बुडावर दाब देते आणि त्या दाबावरच पाते उघडे किंवा मिटलेले राहते. स्प्रिंग जिवंत असेल तर शेवटच्या टप्प्यावर पाते स्वतःहून ओढले जाते आणि 'टक्' असा कोरडा, स्वच्छ आवाज येतो. सगळ्या कसाचा निकाल या एका आवाजात लागतो. पाते, स्प्रिंग आणि अस्तर हे तीन भाग कानशीने घासून एकमेकांशी बसवलेले असतात, आणि ते बसवणारा कारागीर एकेक चाकू हातात घेऊन बसवत असे. शेफील्डमध्ये असे स्वतंत्र कारागीर लहानशा खोल्या भाड्याने घेऊन काम करत. त्यांच्यापैकी अखेरच्यांत गणले जाणारे स्टॅन शॉ २०२१ मध्ये वारले, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी. पाती घासणाऱ्यांचे जिणे त्याहून कठीण होते. सहाणेच्या दगडाची कोरडी धूळ छातीत साठायची आणि ऐन उमेदीत माणसे दम लागून मरायची. हे माहीत असले की तो 'टक्' आवाज आपण निराळ्या कानाने ऐकतो. त्या आवाजामागे माणसे आहेत, आणि म्हणूनच असला चाकू ब्रासो मारून विकायला काढण्याची कल्पना मला सहन होत नाही.

जपानी अक्षरांचा पितळी चाकू म्हणजे हिगोनोकामी. तुमच्या डब्यातला मला सगळ्यांत प्रिय वाटलेला चाकू हाच. जपानच्या ह्योगो प्रांतातल्या मिकी गावी १८९० च्या दशकात तो प्रथम बनला. याला स्प्रिंग नाही, कुलूप नाही. पितळी पत्रा दुमडून केलेली मूठ, एक खिळा आणि पात्याच्या बुडाला बाहेर आलेली छोटी दांडी. दांडी अंगठ्याखाली दाबून धरायची, म्हणजे पाते मिटत नाही. एवढ्या कमी भागांत काम भागवणारा दुसरा चाकू मी पाहिलेला नाही. जपानातली शाळकरी मुले तो पेन्सिली तासायला दप्तरात ठेवत. ऑक्टोबर १९६० मध्ये तोक्योच्या एका सभेत इनेजिरो असानुमा या राजकीय नेत्याचा सतरा वर्षांच्या मुलाने भोसकून खून केला. हत्यार म्हणजे आखूड तलवार होती, पण त्यानंतर मुलांच्या हातातले चाकू काढून घेण्याची मोहीम देशभर चालली आणि हिगोनोकामीचे कारखाने भराभर बंद पडले. आज मिकीत हे नाव लावून चाकू करणारे एकच घराणे उरले आहे.

हा चाकू मामांकडे यावा यात नवल नाही. पन्नासच्या दशकापासून गोव्याचे खनिज जपानला जाऊ लागले. मांडवी-जुवारी नद्यांतून खनिजाच्या बार्जी उतरायच्या आणि मुरगावात जपानी बोटी भरायच्या. मामा बंदरावर कोणत्या साली लागले, ते शोधा. तो चाकू १९६० च्या आधी इथे उतरला असेल, तर जपानी मुलांच्या दप्तरातून तो नाहीसा होण्याआधीचा आहे. त्या पितळेला काहीही लावू नका. त्यावर आलेला तपकिरी रंग मामांच्या तळहाताच्या घामाचा आहे.

लाकडी मुठीचा, हात आणि मुकुटाची खूण असलेला, तो ओपिनेल. फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये पहिला केला. १८९७ पासून त्याची मापे आकड्यांनी ओळखली जातात. आठ नंबरच्या पात्याची लांबी साडेआठ सेंटिमीटर. खुणेतला हात तिथल्या सेंट जॉनच्या नावाच्या गावाच्या मानचिन्हावरून घेतलेला आहे. आपल्याकडे २४ जूनला सांजाव म्हणून विहिरीत उड्या घेतात, तोच हा सेंट जॉन. मुठीच्या तोंडाशी फिरणारी लोखंडी कडी आहे का पाहा. ती कडी १९५५ मध्ये आली. सहा नंबर किंवा त्याहून मोठा चाकू असेल आणि कडी मुळातच नसेल, तर तो त्याआधीचा म्हणायला हरकत नाही. कडी फक्त उघडे पाते अडवत असेल तर २००० च्या आधीचा, मिटलेले पातेही अडवत असेल तर नंतरचा. पावसाळ्यात याचे लाकूड फुगते आणि पाते आत रुतून बसते. पक्कड लावू नका. मुठीचे मागचे टोक टेबलाच्या कडेवर हलकेच आपटा, पाते नखात धरण्याइतके वर येते. साव्हुआचे शेतकरी हेच करतात.

मांजराचा काळा चाकू जर्मनीतल्या सोलिंगेनचा, 'के ५५ के' या नावाने ओळखला जातो. दुमडलेल्या पत्र्याचा, चपटा, कामगारांच्या खिशातला. काळा रंग कुठे उडाला असेल तिथे परत रंगवू नका, बस.

पांढऱ्या मुठीच्या लहान चाकूबाबत मात्र सावध राहा. मूठ हाडाची आहे, सेल्युलॉइडची आहे की हस्तिदंताची, हे आधी ठरवा. हाडावर बारीक काळपट ठिपके किंवा तुटक रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हाड असेल तर काही प्रश्न नाही. हस्तिदंत निघाला, किंवा रॉजर्सची मूठ खऱ्या कासवाची निघाली, तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. मग विकायचे नाव काढू नका आणि वारशात आलेली वस्तू म्हणून काय नोंद करावी लागते ते वनखात्याच्या कार्यालयात विचारा. सांबरशिंगाच्या मुठींनाही हेच लागू. ऑनलाइन बाजारात अशा मुठी सर्रास दिसतात, हात लावू नका.

उरला कलमाचा चाकू. तुम्ही त्याला यादीत शेवटी टाकलेत. मी असतो तर पहिला ठेवला असता. बाकीचे पाच समुद्रावरून आले, हा एकटाच गोव्याच्या मातीत काम केलेला आहे. त्याच्या धारेकडे नीट पाहा. चांगल्या कलमाच्या चाकूची धार एकाच बाजूने उतरती असते, दुसरी बाजू सपाट, म्हणजे फांदीचा काप आरपार सरळ येतो आणि दोन सालींची हिरवी कडा एकमेकींना चिकटते. मुठीच्या टोकाशी चपटी जिभली असेल तर ती साल उचलून डोळा बसवण्यासाठी. गोव्यात आंब्याच्या कलमांचा प्रसार पोर्तुगीज काळात झाला. हापूसचे नावच आफोंसो द आल्बुकेर्कवरून आलेले. मामांनी या चाकूने लावलेली मानकुरादची झाडे कोणाच्या ना कोणाच्या परसात आज उभी असतील. ती कुठे आहेत ते विचारून घ्या आणि लिहून ठेवा. या चाकूची खरी नोंद तीच.

लिहून ठेवण्यावरून सांगतो, मामीकडे लवकर जा. 'काही आठवते का' असे मोघम विचारू नका, त्याला 'नाही रे बाबा' हेच उत्तर मिळते. एकेक चाकू त्यांच्या हातात द्या आणि ठरावीक विचारा : हा घरात कधी दिसू लागला, चवथीच्या आधी की नंतर, तेव्हा घरात कोण कोण होते, मामा याने काय कापायचे, याला कोणाला हात लावू देत नसत का. हातात वस्तू आली की आठवण येते. प्रत्येक चाकूला एक जाड कागदाची चिठ्ठी करा आणि सुती दोऱ्याने मुठीला बांधा. चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद मुठीत मुरतो.

आता गंज. ब्रासो नको, पॉलिश पेपर नको, व्हिनेगर किंवा लिंबू तर मुळीच नको. ब्रासोतली बारीक पूड पात्यावरची खूण घासून टाकते आणि सांध्यात जाऊन बसते. आधी दोन प्रकार वेगळे ओळखा. करडा, काळसर, निळसर डाग पात्याशी एकजीव झालेला असतो, बोटाला लागत नाही. तो पोलादाला राखतो, तो तसाच राहू द्या. आंबा, लिंबू, कांदा कापून कापून साध्या पोलादावर तो येतोच. तांबडा, भुकटी सुटणारा गंज तेवढा काढायचा. शिलाई मशीनचे तेल आणा. सांध्यात आणि पात्यावर दोन-दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी दात कोरायच्या लाकडी काडीने सांध्यातला मळ बाहेर काढा आणि सुती फडक्याने पाते पुसा. तांबडा गंज हट्टी असेल तर सगळ्यांत बारीक पोलादी लोकर तेलात भिजवून हलक्या हाताने फिरवा, पण खुणेच्या जागेवर नाही. मग पाते दहा-बारा वेळा उघड-मीट करा, काळे तेल बाहेर येईल, ते पुसा. खोबरेल वापरू नका. ते थंडीत गोठते. ज्या चाकूने फळ कापणार त्याच्या पात्याला औषधाच्या दुकानातले शुद्ध लिक्विड पॅराफिन लावा.

आपल्याकडे पावसाचे चार महिने आणि सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस. तेव्हा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत दमटपणा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि प्रत्येक चाकू सुती कापडात वेगळा गुंडाळलेला. चामड्याच्या पाकिटात ठेवू नका. चामडे कमावताना वापरलेले क्षार आणि आम्ले पात्याला गंज आणतात. सेल्युलॉइडवाला या डब्यात येणार नाही, त्याची जागा कायमची वेगळी. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला सगळे उघडून पाहायचे.

धार लावायला रस्त्यावरच्या चाकवाल्याकडे देऊ नका. त्याचा राग नाही, तो कोयते-सुऱ्यांना उत्तम धार लावतो. पण कोरड्या चाकावर पातळ पाते क्षणात तापते, आणि निळी झाक आली की लोहाराने पाजलेले पाणी उतरले म्हणून समजा. ते पाते पुन्हा कधी धार धरणार नाही. बारीक दाण्याचा सपाट दगड आणा, पाण्याने भिजवा आणि घरीच घासा. ओपिनेलवर हात बसवा, तो आजही नवा मिळतो. कलमाच्या चाकूची उतरती बाजूच घासा, सपाट बाजू दगडावर नुसती टेकवून धारेवर उठलेली बारीक कड काढा. रॉजर्स आणि हिगोनोकामी यांना सध्या धार लावायची गरजच नाही.

वहिनींच्या दोन्ही शंका रास्त आहेत आणि त्यांना उडवून लावू नका. कायद्याचे आधी. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम पाहिले तर धारदार शस्त्रांच्या वर्गात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे, आणि तेही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी नसलेले, असे चाकू येतात. तुम्ही वर्णन केलेल्यांपैकी एकही त्याच्या जवळपास जात नाही. घरात ठेवायला अडचण नाही. बाहेर नेताना मात्र तारतम्य हवे. निवडणुका, मोर्चे, सण यांच्या काळात जिल्हाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली हत्यारे बाळगायला बंदी घालू शकतात. जुने १४४ कलम ते हेच. जत्रेला, कार्निव्हलला, कोर्टात चाकू खिशात नको. दाबोळी किंवा मोपाहून विमानाने जाताना हातातल्या पिशवीत तर नाहीच. आणि बटण दाबून उघडणाऱ्या चाकूंच्या वाटेला जाऊ नका. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने ७.६२ सेंटिमीटर किंवा अधिक लांबीच्या आणि १.७२ सेंटिमीटर किंवा अधिक रुंदीच्या अशा चाकूंवर बंधन आहे. रामपुरी चाकूची कारागिरी मोठी आहे, पण तुमच्या पहिल्या वर्षात तिला जागा नाही.

मुलाबद्दल वहिनी म्हणतात ते मला पूर्ण मान्य. सात वर्षांच्या हातात यातला एकही चाकू आत्ता देऊ नका. बिनकुलपाचे पाते बोटांवर मिटते आणि लहान मुलाला त्याचा अंदाज नसतो. डबा कुलपात, किल्ली वहिनींकडे. त्यांनी परवानगी दिली म्हणजे झाले असे नको, ताबा त्यांचा असू द्या. पण 'घरात हत्यार नको' हा भाग मला पटवून घेता येत नाही, आणि त्यांनाही विचार केल्यावर पटणार नाही असे वाटते. आपल्या घरांत बाळंतिणीच्या उशाशी कोयता-विळा ठेवतात. खंडेनवमीला अवजारांना हळद-कुंकू लागते. स्वयंपाकघरातली आदोळी, म्हणजे विळी, या सहाही चाकूंपेक्षा जास्त धोक्याची आहे आणि मूल तिच्या शेजारी वाढते, कारण तिच्याजवळ कसे वागायचे ते त्याला रोज दिसते. मुलगा दहाचा झाला की तुम्ही शेजारी बसून, कडी लावलेल्या ओपिनेलने, त्याला आंबा कापायला शिकवा. तोवर तुम्ही कापताना त्याला पाहू द्या.

चुलतभावाला सांगा, विकणे हातचे आहे, कधीही करता येईल. घासून टाकलेली खूण परत येत नाही. त्याला पैशांची खरोखर निकड असेल तर तो विषय वेगळा बोला, चाकूंच्या आडून नको.

वर्षानंतर भर घालायची इच्छा टिकली तर रॉजर्सच्या मागे लागू नका, असे माझे मत. शेफील्डचे चाकू जमवणारे जगभर आहेत, त्यांच्याकडे पैसा आहे आणि माल त्यांच्या दारात आहे. गोव्याच्या कामांची पाती मात्र कोणी जमवताना मला दिसत नाही. माडावर चढणाऱ्या रेंदेराची काती, जिने पोयीची, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याची, चकती इतकी पातळ कापतात की सूर, म्हणजे माडी, ठिबकत राहते. वेगवेगळ्या गावांतले कलमांचे चाकू. लोहारांनी घडवलेले कोयते. फेणी विकली जाते तोवर रेंदेर राहतील असे मानू नका. माडावर चढायला नवी पोरे तयार नाहीत, आणि म्हाताऱ्यांच्या कात्या भंगारात जात आहेत. घडीच्या चाकूंचाच नाद राहिला तर कच्छमधल्या अंजार आणि रेहा या गावांकडे पाहा, तिथे चाकू आणि अडकित्ते करणारी घराणी आजही काम करतात. नवा, हाताने केलेला, करणाऱ्याला पाहून घेतलेला चाकू पंधरा हजारांच्या अनोळखी रॉजर्सपेक्षा तुम्हाला जास्त शिकवेल.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा जत्रेतल्या फेरीत जुना चाकू समोर आलाच तर एवढे पाहा. पाते मिटल्यावर त्याचे टोक मुठीत पुरते झाकले जाते का. उघडल्यावर डावी-उजवीकडे हलते का. पाठीची स्प्रिंग आणि अस्तर यांच्यामधून उजेड दिसतो का. पात्याच्या बुडापाशी पायरी पडलेली आहे का. असेल तर धार लावून लावून अर्धे पाते गेलेले आहे. दुकानदार पाते उघडून पाहू देत नसेल तर किंमत विचारू नका.